धडधड हृदयाची, धास्ती मनाची

गेल्या महिन्याच्या टपालात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका भगिनीचे पत्र होते. चार पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. नाव-गाव छापू नका, असे त्यांनी सुरुवातीलाच बजावले आहे. म्हणून ते गाळून पत्रातली हकीकत तेवढी इथे सांगतो.

त्यांचे पती बावीस वर्षे कुवेतमध्ये ड्रायव्हर होते. डायबिटीस तिथेच जडला, सिगारेटही तिथलीच. कायमचे घरी परतल्यावर मशिदीकडची चढण चढताना छातीत दाटून यायला लागले. मुंबईत अँजिओग्राफी झाली, हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या अरुंद निघाल्या आणि दोन स्टेंट बसले. पुढचे आठ महिने चांगले गेले. मग एका रात्री इशाची नमाज पढून ते पलंगावर टेकले आणि एकाएकी हृदय धडधडू लागले. श्वास पुरेना, हाताला मुंग्या आल्या, अंगाला कंप सुटला. 'मी चाललो' म्हणून त्यांनी बायकोचा हात घट्ट धरला. रिक्षा करून तालुक्याच्या दवाखान्यात नेले. ईसीजी झाला. काहीही निघाले नाही.

महिन्याभरात हेच आणखी दोनदा झाले. तिसऱ्या वेळी तिथल्या तरुण डॉक्टरांनी सगळ्या नातेवाइकांसमोर सांगितले, "यांना काही झालेलं नाही. हे सगळं मनाचं आहे." ते वाक्य त्यांच्या आधी घरी पोचले. कोणी म्हणाले नजर लागली, कोणी म्हणाले ईमान कमजोर झाले, कोणी म्हणाले गल्फचा पगार थांबला त्याचे टेन्शन. थोरला मुलगा चिडून बोलून गेला, "अब्बा, दर वेळी गाव जागा करू नका."

त्यानंतर त्यांनी सांगणेच बंद केले. पुढे एका रात्री दोनच्या सुमारास छातीवर दगड ठेवल्यासारखे झाले. घामाने बनियन भिजले. कोणाला न उठवता ते पडवीत जाऊन बसले, फजरपर्यंत. वुजू करायला उठले आणि तिथेच कोसळले. तो हार्ट अटॅक होता. अल्लाहच्या कृपेने जीव वाचला, तिसरा स्टेंट बसला. पण वेळ गेल्यामुळे हृदयाचा काही भाग कायमचा दुबळा झाला, असे डॉक्टरांनी सांगितले.

पत्राचा शेवट आम्ही त्यांच्याच शब्दांत देतो. "आता धडधड झाली की ते माझ्याकडे बघतात आणि विचारतात, हे कुठलं? मला काय कळणार? दर वेळी धावायचं तर गाडीभाडं आणि लोकांचं हसणं. नाही धावलो तर ती रात्र डोळ्यांसमोर येते. आम्ही करायचं काय?"

हा प्रश्न एका घराचा नाही. स्टेंट किंवा बायपास झालेला माणूस आज आपल्या जवळजवळ प्रत्येक मोहल्ल्यात आहे. म्हणून या महिन्याचे सदर याच पत्राला.

आधी रक्तवाहिनीचे

हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवते, पण त्याला स्वतःलाही रक्त लागते. ते त्याच्या अंगावरून पसरलेल्या बारीक रक्तवाहिन्यांमधून येते. तरुणपणापासूनच या वाहिन्यांच्या आतल्या अस्तराखाली चरबी, कोलेस्टेरॉल आणि पुढे कॅल्शियम साचू लागते. तंबाखू, साखर, वाढलेले ब्लडप्रेशर, घराण्याचा वारसा ही त्याची नेहमीची कारणे. वाहिनी कडक होते आणि आतून अरुंदही होते. बसल्या जागी लागणारे रक्त तिच्यातून जाते. पण चढण आली, ओझे उचलले, राग आला की जास्तीचे रक्त पुरवता येत नाही. छाती दाटते, थांबले की काही मिनिटांत उतरते. याला अंजायना म्हणतात.

हार्ट अटॅक वेगळा. साचलेल्या थराला चीर पडते, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी बंद होते. पलीकडचे स्नायू रक्तावाचून मरू लागतात. इथे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे.

स्टेंटने अरुंद झालेली एक जागा मोकळी होते. पण आजार सगळ्या वाहिन्यांचा असतो. 'ऑपरेशन झालं, आता काही होणार नाही' हे म्हणूनच चुकीचे, आणि 'आता कधीही काहीही होईल' हेही तितकेच चुकीचे. गोळ्या, चालणे आणि तंबाखू सोडणे यांनी धोका खरोखर कमी होतो.

आता भीतीच्या झटक्याचे

पॅनिक अटॅक म्हणजे शरीराची धोक्याची घंटा विनाकारण वाजणे. समोर साप दिसला की शरीर एका क्षणात तयारी करते. अॅड्रेनॅलिन रक्तात उतरते, हृदय वेगाने धावते, श्वास जलद होतो, घाम फुटतो. साप असेल तर हीच तयारी जीव वाचवते. पॅनिकमध्ये साप नसतो, पण तयारी पूर्ण होते. बहुधा दहा मिनिटांच्या आत झटका शिगेला पोचतो आणि अर्ध्या तासात बराचसा ओसरतो. पण ती दहा मिनिटे अशी जातात की माणसाला आपण मरतो आहोत याची खात्री वाटते.

जलद श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त प्रमाणात बाहेर पडतो. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, चक्कर, छातीत आवळल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे. म्हणजे रुग्ण नाटक करत नाही. त्याचे हृदय खरोखर धावते आहे, घाम खरा आहे.

मग असे झटके पुन्हा पुन्हा का येतात? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली त्याचा खुलासा केला, तो आजही उपचाराचा पाया आहे. शरीरात एखादी साधी खूण जाणवते, समजा एक ठोका चुकल्यासारखा वाटतो. मन तिचा सगळ्यात वाईट अर्थ लावते, 'अटॅक आला'. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने ठोके वाढतात, वाढलेले ठोके पाहून मन म्हणते, 'बघ, खरंच आला'. हे चक्र काही मिनिटांत माणसाला टोकाला नेते.

निरोगी तरुणाला आपण सांगू शकतो की तुझा अर्थ चुकीचा आहे. ज्याच्या हृदयात स्टेंट आहेत त्याला तसे ठामपणे सांगता येत नाही. त्याचा अर्थ एखाद्या दिवशी बरोबरही असू शकतो. त्या भगिनीच्या घरात तेच झाले. म्हणूनच हृदयविकाराच्या रुग्णांत पॅनिकचा त्रास इतरांपेक्षा अधिक आढळतो. एकदा छातीने दगा दिला की माणूस रात्रंदिवस छातीवर कान लावून बसतो.

दोघांचे एकमेकांशी नाते

'हृदयाचे की मनाचे' असे दोन खाने आपण पाडतो. शरीर असे खाने पाडत नाही.

भीतीच्या झटक्यात हृदयाचे ठोके आणि ब्लडप्रेशर वाढते, म्हणजे हृदयाची रक्ताची गरज वाढते. निरोगी रक्तवाहिनी अशा वेळी रुंदावते. कडक झालेली वाहिनी नीट रुंदावू शकत नाही, कधी कधी उलट आकसते. त्यातच जलद श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटला की तीही एक आकसण्याची खूण ठरते. गरज वाढते आणि पुरवठा घटतो. म्हणजे पॅनिकने सुरू झालेला झटका अरुंद वाहिन्या असलेल्या माणसात खऱ्या अंजायनापर्यंत जाऊ शकतो. उलट दिशेनेही तेच, अंजायनाची छोटी कळ पॅनिकला जागे करते. एकाच रात्री दोन्ही एकत्र असू शकतात.

हे नाते जुने आहे. अठराव्या शतकातले लंडनचे नामवंत सर्जन जॉन हंटर यांना अंजायना होता. कोणी वाद घातला, मनाविरुद्ध बोलले की छातीत दुखू लागे. आपला जीव आपल्याला डिवचणाऱ्या कोणत्याही माणसाच्या हातात आहे, असे ते बोलून दाखवत. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या बैठकीत त्यांची खडाजंगी झाली, ते उठून शेजारच्या खोलीत गेले आणि तिथेच त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या सापडल्या. राग मनाचा होता, वाहिनी शरीराची होती, माणूस एकच होता.

म्हणून त्या भगिनीच्या पतीने विचारलेला 'हे कुठलं?' हा प्रश्न घरात बसून सोडवायचाच नाही. भल्याभल्या डॉक्टरांनाही तो नुसत्या नजरेने सुटत नाही. घराने सोडवायचा प्रश्न एवढाच, की या क्षणी आम्ही काय करायचे ठरवले आहे?

खुणा कोणत्या, आणि त्यांच्यावर भरवसा किती

काही फरक सांगता येतात. हृदयाचे दुखणे बहुधा दाब, ओझे, आवळणे, जळजळ असे असते. ते बोटाने दाखवता येत नाही, माणूस पूर्ण तळवा छातीवर ठेवतो. ते खांद्यात, डाव्या किंवा दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत, पोटाच्या वरच्या भागात जाऊ शकते. चालल्याने वाढते. पॅनिकमध्ये धडधड, मुंग्या, कंप आणि मरणाची भीती एकदम उसळते आणि ओसरते. दुखणे टोचल्यासारखे, एका जागी असू शकते.

पण या यादीवर जीव टांगू नये. भीती आणि घाम दोन्हींत असतात. डायबिटीस असलेल्यांत, स्त्रियांत आणि वृद्धांत हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो. नुसता दम लागतो, मळमळते, विलक्षण थकवा येतो. आपल्या घरांत 'पित्त झालंय', 'गॅस वर चढला' म्हणून सोडा पाजला जातो. ढेकर आल्यावर बरे वाटले म्हणजे हृदय ठीक आहे असे सिद्ध होत नाही. तसेच जिभेखालच्या गोळीने बरे वाटले म्हणजे दुखणे हृदयाचेच होते, असेही नाही.

आणखी एक गोष्ट घरोघर विसरली जाते. डायबिटीसची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर उतरली तरी हुबेहूब असेच होते, धडधड, घाम, कंप, घाबरणे. ग्लुकोमीटर घरात असेल तर एक थेंब रक्त तपासायला मिनिट लागत नाही. साखर ७०च्या खाली असेल तर आधी साखरपाणी द्यावे. थायरॉइड, अंगात रक्त कमी असणे, हृदयाच्या तालातला बिघाड, दिवसाला दहा कप चहा हीदेखील धडधडीची कारणे असतात. ती एकदा तपासून घ्यावीत.

शांत वेळी केलेली तयारी

नवव्या-दहाव्या शतकात बल्ख प्रांतात अबू झैद अल-बल्खी नावाचे विद्वान होऊन गेले. सन ९३४मध्ये त्यांचे निधन झाले. शरीर आणि मन या दोघांच्या स्वास्थ्यावर मिळून त्यांनी एक ग्रंथ लिहिला, 'मसालिह अल-अबदान व अल-अनफुस'. राग, दुःख, भीती आणि वसवसा यांचा विचार त्यांनी आजार म्हणून केला आणि त्यांवर उपाय सांगितले. त्यांचा एक सल्ला आम्हाला फार मोलाचा वाटतो. अचानक येणाऱ्या दुखण्यासाठी शहाणा माणूस घरात औषध ठेवतो; तसेच अचानक येणाऱ्या भीतीसाठी मन शांत असताना चांगले विचार गोळा करून ठेवावेत, म्हणजे वेळेला हाताशी येतात. हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आजच्या मानसोपचाराच्या किती जवळ आहे!

हाच सल्ला घराला लागू करू या. रात्री दोन वाजता कोणाचेच डोके चालत नाही. म्हणून दिवसाउजेडी, आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून, एका कागदावर नियम लिहा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. तो साधारण असा असावा.

१. त्रास सुरू होताच हातातले काम सोडून खाली बसायचे. घरातल्या एकाला तरी उठवायचे. लाजायचे नाही. हा पहिला नियम आहे, बाकीचे त्याच्यानंतर.

२. डायबिटीस असेल तर साखर तपासायची. त्यासाठी बाकीचे काही थांबवायचे नाही.

३. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी किंवा स्प्रे दिला असेल तर तो बसूनच घ्यायचा, कारण त्याने ब्लडप्रेशर उतरते आणि उभा माणूस पडू शकतो. लैंगिक शक्तीसाठी कोणतीही गोळी गेल्या एक-दोन दिवसांत घेतली असेल तर ही गोळी घ्यायची नाही आणि ती गोष्ट डॉक्टरांपासून लपवायची नाही. दोन्ही औषधे मिळून ब्लडप्रेशर धोकादायक पातळीला जाते.

४. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर १०८ला फोन. आणि दाब किंवा दुखणे हात-जबड्यात जात असेल, थंड घाम असेल, दम लागत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, किंवा आजचा त्रास नेहमीपेक्षा वेगळा वाटत असेल, तर पाच मिनिटेही थांबायचे नाही.

५. ॲस्पिरिन चावून घ्यायची की नाही, किती घ्यायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून आणायचे. ज्यांना रक्तस्रावाचा त्रास किंवा ॲलर्जी आहे त्यांना ती चालत नाही.

६. रुग्णाने स्वतः स्कूटर किंवा गाडी चालवत जायचे नाही. जिना उतरायचा असेल तर सावकाश, कोणाच्या तरी आधाराने.

७. एका फाइलमध्ये डिस्चार्ज कार्ड, जुना ईसीजी आणि गोळ्यांची यादी. तिचे फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये. नवा ईसीजी जुन्याशी ताडून पाहता आला तर डॉक्टरांचे काम सोपे होते.

गाडीची वाट पाहताना श्वास सावकाश करा. नाकाने हळू घ्या, त्याहून हळू तोंडाने सोडा. पॅनिक असेल तर त्याने उतरते, हृदय असेल तरी नुकसान नाही. पण हे वाट पाहताना करायचे, फोन करण्याऐवजी नाही. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावण्याची जुनी युक्ती हृदयरुग्णावर कधीही करू नका. त्याला मिळणारा प्राणवायू त्याने कमी होतो.

मग दर वेळी धावायचे का?

भगिनीचा हाच खरा प्रश्न आहे. आमचे सरळ उत्तर असे, की शंका असेल तर होय. १०८ची गाडी मोफत आहे. दहा वेळा रिकामे परत येणे परवडते. अकराव्या वेळी घरी बसणे परवडत नाही.

पण हे आयुष्यभर असेच चालावे असे नाही. स्टेंटनंतर असे झटके येत असतील तर हृदयरोगतज्ज्ञांकडे एकदा नीट सगळी तपासणी व्हावी. एका ईसीजीवर समाधान मानू नये. झटका येऊन गेल्यावर काढलेला ईसीजी अगदी व्यवस्थित दिसू शकतो, आणि हार्ट अटॅकच्या सुरुवातीलाही कधी कधी तो नॉर्मल येतो. म्हणून तर दवाखान्यात ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा करतात आणि ईसीजी पुन्हा काढतात. 'थांबा' म्हटले तर थांबावे. त्याखेरीज गरजेप्रमाणे इको, स्ट्रेस टेस्ट, चोवीस तासांचे होल्टर होते. एवढे करून डॉक्टरांनी 'हा अमुक प्रकारचा झटका पॅनिकचा आहे' असे ओळखून दिले, आणि आजचा झटका नेमका तसाच आहे, धोक्याची एकही खूण नाही, दहा-वीस मिनिटांत पूर्ण उतरला, तर घरी थांबून दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवणे चालू शकेल. ही सवलत डॉक्टरांनी द्यायची आहे. ती शेजाऱ्यांनी, मुलाने किंवा रुग्णाने स्वतःच्या मनाने घ्यायची नाही.

पॅनिकलाही इलाज आहे

'रिपोर्ट नॉर्मल आहे, घरी जा' इथे आपल्याकडे गोष्ट संपते. खरे तर तिथून दुसरी सुरू व्हायला हवी. पॅनिक हा आजार आहे, त्याला इलाज आहे आणि तो चांगला लागू पडतो. हृदयरुग्णात तर तो करायलाच हवा, कारण सततची भीती झोप मोडते, चालणे थांबवते, सिगारेटकडे परत नेते आणि गोळ्या चुकवायला लावते.

पहिला उपचार बोलण्याचा. प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ काही बैठकांत रुग्णाला ते चक्र ओळखायला आणि तोडायला शिकवतात. शरीराची खूण आणि तिचा लावलेला अर्थ वेगळे करायला शिकवतात. दुसरा उपचार औषधांचा. नैराश्य आणि भीती दोन्हींवर चालणारी काही औषधे हृदयरुग्णांतही वापरली जातात; सर्ट्रालिनचा अभ्यास हृदयविकाराच्या रुग्णांत मुद्दाम झालेला आहे. परिणामाला काही आठवडे लागतात, सुरुवातीला बेचैनी वाढल्यासारखी वाटू शकते, तेव्हा चार दिवसांत सोडून देऊ नये. पण त्याच कामाची सगळीच औषधे हृदयाला सारखी मानवत नाहीत. काहींनी हृदयाचा ताल बिघडू शकतो, काहींनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाला हृदयाच्या गोळ्यांची यादी दाखवा आणि हृदयरोगतज्ज्ञाला मनाच्या गोळ्यांची.

मेडिकलवाल्याकडून आणलेल्या 'झोपेच्या गोळी'बद्दल मात्र सावध राहा. अल्प्राझोलामसारखी गोळी अर्ध्या तासात शांत करते, म्हणून ती आवडते आणि म्हणूनच तिची सवय लागते. वृद्ध माणूस तिच्या गुंगीत पडतो. ती डॉक्टरांनी दिली तर थोड्या दिवसांपुरतीच, आणि बंद करायची तीही हळूहळू.

तिसरा उपचार चालण्याचा. डॉक्टरांनी मोजून दिलेले रोजचे चालणे हृदयाला बळ देते आणि मनाला एक गोष्ट शिकवते, की ठोके वाढले म्हणजे मरण आले असे नाही. वाढतात आणि उतरतात. घाबरून पलंगावर पडून राहिल्याने दोन्ही आजार वाढतात. तंबाखू आणि मशेरी पूर्ण बंद. चहा कमी.

आणि एक कळकळीची सूचना. 'सगळं मनाचंच आहे' असे कोणी म्हटले म्हणून हृदयाच्या गोळ्या कधीही बंद करू नका. स्टेंटनंतरची रक्त पातळ करणारी गोळी किंवा ठोके आवरणारी गोळी एकाएकी थांबवणे फार धोक्याचे असते.

मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला नसतील तर सरकारची 'टेली-मानस' ही मोफत फोनसेवा ऑक्टोबर २०२२पासून आहे. क्रमांक १४४१६. ती बोलायला आहे. छातीत दाब असेल तेव्हाचा क्रमांक १०८च.

रोजे आणि जिभेखालची गोळी

दर रमजानच्या आधी हा प्रश्न आमच्याकडे येतो. रोज्यात छातीत दुखले तर जिभेखालची गोळी घ्यावी का? रोजा तुटेल या विचाराने काही वडीलधारे दुखणे सोसत बसतात. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ साली या विषयावर निर्णय दिलेला आहे. अंजायनासाठी जिभेखाली ठेवायच्या गोळीने, तिचा विरघळून घशाकडे आलेला भाग गिळला नाही तर, रोजा तुटत नाही. आपल्या आलिमांकडून याची खात्री जरूर करून घ्या. पण जीव धोक्यात असेल तर पाणी, ॲस्पिरिन, सलाइन काहीही लागो, रोजा सोडण्याची मुभा आजाऱ्याला आहेच. कजा नंतर ठेवता येतो. स्टेंट बसलेल्याने रोजे ठेवावेत का आणि गोळ्या सहरी-इफ्तारला कशा वाटून घ्याव्यात, हे शाबानमध्येच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

घरच्यांच्या जिभेवर

या पत्रातले सगळ्यात धोकादायक वाक्य कोणते? आमच्या मते ते डॉक्टरांचे नाही. ते मुलाचे आहे, 'गाव जागा करू नका'. मुलगा वाईट नाही, थकलेला होता. पण त्या एका वाक्याने अब्बांना पडवीत एकटे बसवले.

हे लिहिताना आम्हाला आमच्याही घरातले एक वाक्य आठवते. बायपासनंतर आमचे मामू रात्री-बेरात्री घाबरून उठत. एकदा आम्ही हसून म्हणालो, "काही नाही मामू, नुसतं टेन्शन आहे." त्या रात्री ते टेन्शनच होते, आमचे बोलणे खरे ठरले. पण त्यानंतर मामूंनी आम्हाला काही सांगितले नाही. झोप कशी लागली असे विचारले की 'मजेत' म्हणत. ते 'मजेत' आमच्या कानात अजून आहे.

भीतीचा झटका येणे म्हणजे ईमान कमजोर असणे नव्हे. ज्याची साखर वाढते त्याच्या ईमानाची आपण चौकशी करत नाही. नमाज आणि जिक्र यांनी मनाला करार मिळतो, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे, तो आधार रुग्णाने जरूर घ्यावा. पण दुआ आणि दवा यांच्यात भांडण लावू नये. दम करून घ्यायचा असेल तर तो दवाखान्याच्या वाटेवरही करता येतो.

मग म्हणायचे काय? 'काही झालेलं नाही' म्हणू नका, कारण त्याला काहीतरी होते आहे. 'अटॅक आला की काय!' म्हणून ओरडूही नका. जवळ बसा, हात धरा, आवाज शांत ठेवा आणि म्हणा, "तुम्हाला त्रास होतोय हे दिसतंय. आपण कागदावर लिहिलंय तसं करू." इतकेच. कागद असला की 'हे कुठलं?' या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणा एकाच्या डोक्यावर राहत नाही.

तेव्हा रत्नागिरीच्या भगिनी, तुम्हाला आमचे सांगणे असे. पुढच्या तपासणीला जाताना थोरल्या मुलाला बरोबर न्या. डॉक्टरांसमोर झटक्यांच्या तारखा, वेळ आणि किती मिनिटे राहिले ते वाचून दाखवा. कागद लिहून घ्या, मुलाच्या हातानेच. आणि त्या रात्री घरी आल्यावर मुलाने अब्बांना एकच गोष्ट सांगावी, "अब्बा, पुढच्या वेळी मला उठवा. रिकामं परत आलो तरी चालेल." हे औषध कोणत्याही मेडिकलमध्ये मिळत नाही, आणि तुमच्या घरात त्याची गरज सर्वांत आधी आहे.

अल्लाह तुमच्या घरच्या आजाऱ्याला शिफा देवो.